कुमारवयाच्या कथा आणि त्यांतील बोध



शालेय पाठ्यपुस्तकातील कथा संपली की एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो : ‘या कथेपासून कोणता बोध मिळतो?’ या प्रश्नामागे मोठी परंपरा आहे. पंचतंत्रातील विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना व्यवहारचतुर करण्यासाठीच कथा सांगितल्या. तेथे कथा हे नीतीचे वाहन होते. परंतु आधुनिक लघुकथा जेव्हा वाढत्या वयाच्या मुलाला अथवा मुलीला केंद्रस्थानी ठेवते, तेव्हा हा प्रश्न अपुरा पडतो. त्या कथेतील मूल काहीतरी निश्चितच शिकते. पण ते एका वाक्यात मांडता येत नाही आणि बहुधा ते कोणी मुद्दाम शिकवलेलेही नसते. अशा कथा कशा वाचाव्यात, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठीत संस्कारकथा म्हटले की प्रथम नाव येते ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत हे पुस्तक लिहून काढले. शीर्षकामुळे आणि आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटामुळे वाचकांच्या मनात आईची मूर्ती ठसली. ज्याच्या मुखातून ही कहाणी येते तो श्याम काहीसा मागे राहिला. वस्तुतः पुस्तकाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या बालपणाच्या आठवणी सांगतो. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, तेव्हा त्या मुलाला केवळ मार कळतो. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही त्या मारामागची आईची तळमळ त्याला नंतर उमगते. आणि तिचे मोल तर ती गेल्यावर, सांगणाऱ्या श्यामला कळते. प्रसंग एका वयात घडतो, त्याचा अर्थ दुसऱ्या वयात लागतो. या दोन वयांमधील अंतर हेच त्या पुस्तकातील कारुण्याचे मूळ आहे. त्यातून फक्त ‘आईचे ऐकावे’ एवढा बोध काढणाऱ्याच्या हाती पुस्तकाचा निम्माच भाग लागतो.

त्याच वर्षी, १९३३ मध्येच, हिंदीत प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा प्रसिद्ध झाली. भोपाळच्या वाचकाला ती वेगळी सांगण्याची गरज नाही. आईबापांवाचून आजीजवळ वाढणारा हामिद जत्रेत तीन पैशांचा चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीचे हात भाजतात. त्याचे सोबती मातीची खेळणी घेऊन मिरवतात. शाळेत या कथेचे तात्पर्य त्याग असे सांगितले जाते, आणि ते खोटे नव्हे. परंतु कथेचा कळस चिमटा घेण्यात नाही. तो आजीच्या रडण्यात आहे. आधी रागावलेली आजी पुढे अश्रू ढाळीत नातवाला आशीर्वाद देऊ लागते, आणि हामिदला त्या अश्रूंचे रहस्य कळत नाही. येथे नातू क्षणभर वडीलधारा होतो आणि म्हातारी लहान मूल. आपण काय केले हे हामिदला ठाऊक नाही. ते वाचकाला ठाऊक आहे. म्हणजे श्यामच्या बाबतीत जे ज्ञान मोठेपणी निवेदकाला लाभते, ते येथे लेखकाने वाचकाच्या स्वाधीन केले आहे.

रवींद्रनाथांच्या ‘छुट्टी’ या कथेत तेही सांत्वन नाही. खेड्यातील पोरांचा पुढारी फटिक मामाबरोबर शिक्षणासाठी कलकत्त्याला जातो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा धड लहान नसतो, धड मोठा नसतो. त्याचे लाड करता येत नाहीत आणि त्याच्याशी मोठ्यांसारखे बोलताही येत नाही, हे रवींद्रनाथांनी तेथे विलक्षण सहानुभूतीने टिपले आहे. मामीच्या घरी तो नकोसा होतो, शाळेत मागे पडतो आणि घरी जाण्यासाठी सुट्टीची वाट पाहत तापाने फणफणतो. आई येऊन पोहोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. या कथेत शिकण्याची वेळ मुलाची नसून मोठ्यांची आहे, आणि ती त्यांनी दवडलेली आहे. वाढत्या वयाची कथा मोठ्यांनी का वाचावी, याचे याहून सबळ उत्तर मिळणे कठीण आहे.

आता मराठीतील या वाटेवरील एका श्रेष्ठ लेखकाकडे वळू. प्रकाश नारायण संत, अर्थात भालचंद्र गोपाळ दीक्षित, हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. व्यवसायाने कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूशास्त्राचे अध्यापक. त्यांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह १९९४ साली आला. त्यापाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ हे संग्रह. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. या साऱ्या कथांचा नायक व निवेदक एकच, लंपन. आईवडिलांपासून दूर, बेळगाव परिसरातील एका गावात तो आजी-आजोबांकडे राहतो. पहिल्या संग्रहाचे नाव ‘वनवास’ का, हे यावरून ध्यानात यावे.

संतांनी श्यामसारखा मोठा झालेला निवेदक योजला नाही आणि प्रेमचंदांसारखा बाहेरून पाहणाराही नाही. लंपन जे पाहतो ते त्याच क्षणी, त्याच्याच भाषेत सांगतो. आजी-आजोबांचे घर, शाळा, संगीत, मित्र, सुमीविषयी वाटणारी आणि नाव न देता येणारी ओढ, हे सारे तो मोठमोठे आकडे फेकत, अतिशयोक्ती करत सांगत सुटतो. आईची आठवण मात्र तो थेट सांगत नाही. ती एखाद्या वासातून, आवाजातून, भलत्याच विषयावर बोलता बोलता डोकावते. वाचकाने त्या गडबडीतले मौन ऐकावे, अशी लेखकाची अपेक्षा आहे. येथे बोध विचारणे म्हणजे पाण्यात पडलेले चांदणे ओंजळीत धरू पाहणे होय.

मग अशी कथा वाचताना विचारावे तरी काय? तीन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, प्रसंगाच्या आधी या मुलाला काय ठाऊक नव्हते आणि नंतर काय विसरता येणार नाही? दुसरा, कथा कोण सांगत आहे, ते मूल की मोठा झालेला माणूस, आणि त्याला किती कळलेले आहे? तिसरा, या मुलाने काही मिळवताना काय गमावले? कारण प्रत्येक वाढीत काहीतरी मागे सुटते, आणि चांगला कथाकार त्याचा हिशेब कधी चुकवीत नाही.

हा विचार महाराणा प्रताप नगरात मांडण्याला विशेष अर्थ आहे. या वस्तीतील शिकवणी वर्गांसाठी लहानमोठ्या गावांतून मुले-मुली भोपाळला येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. सोळा-सतराव्या वर्षी घर सोडलेल्या या मुलांच्या हाती प्रश्नसंच असतात आणि प्रत्येक प्रश्नाचे चारांपैकी एकच उत्तर बरोबर असते. फटिकचा एकटेपणा आणि लंपनचा वनवास त्यांच्यापासून दूर नाही. ज्याचे एकच उत्तर नाही असे काही वाचायला मिळणे, ही त्या वयाची मोठी गरज आहे.

भोपाळच्या मराठी घरांतील मुलांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. ती घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत हिंदी मिसळलेली असते. म्हणून ‘आमची भाषा शुद्ध नाही’ अशा संकोचाने ती मराठी पुस्तकापासून दूर राहतात. लंपनची मराठी बेळगावकडची, कानडीच्या शेजारात वाढलेली. त्याच बोलीने आधुनिक मराठी कथेला एक लोभस निवेदक दिला. शेजारभाषेचा रंग लागलेली मराठी वाङ्मयाला उणी पडत नाही, याचा हा पुरावाच होय. शिवाय देवनागरी लिपी या मुलांना हिंदीमुळे अवगत आहेच. दार अर्धे उघडे आहे. उरलेले ग्रंथालयाने आणि पालकांनी उघडायचे आहे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची योजना नको. महिन्यातून एका संध्याकाळी एक कथा मोठ्याने वाचावी. ऐकायला मुले असावीत आणि त्यांचे आजी-आजोबाही. वाचून झाल्यावर काही वेळ कोणी काही विचारू नये. त्यानंतर बोलण्याची पहिली संधी मुलांना द्यावी, आणि ती मराठीत अडखळली तर त्यांना मध्येच दुरुस्त करू नये. मुले जे बोलतील ते ऐकून घेणे, हाच मोठ्यांच्या वाट्याचा अभ्यास आहे.