शनिशिंगणापूरची याचिका आणि मसुदालेखन
शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा, यासाठी विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेली जनहित याचिका विधी महाविद्यालयांत अवश्य अभ्यासली जावी. कारण तिचा आधार 1956च्या मंदिरप्रवेश कायद्यात, म्हणजे कोणत्याही वर्गाच्या हिंदूला सार्वजनिक उपासनास्थानी अटकाव करण्यास मनाई करणाऱ्या नेमक्या तरतुदीत होता, आणि 1 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने त्याच कायद्याच्या अंमलबजावणीचे निर्देश शासनाला दिले. मसुदालेखनातही असाच नेमकेपणा लागतो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 2नुसार पक्षकथनात, म्हणजे पक्षकाराच्या लेखी म्हणण्यात, महत्त्वाची वस्तुस्थिती थोडक्यात मांडायची असते, पुरावा नव्हे. पाल्हाळिक मसुद्यांत नेमका हाच नियम मोडला जातो. बार कौन्सिलने विधी अभ्यासक्रमात मसुदालेखन अनिवार्य केले आहे, तथापि शिक्षकाने ओळीओळीने तपासून मसुदा पुन्हा लिहून घेतल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.