इंजिनाचा आवाज जड झाला की

हिवाळ्यातली रात्र. वेदगंगेच्या काठी एखाद्या गुऱ्हाळावर घाणा चालू आहे, चुलवाणात चिपाडं पेटली आहेत आणि काईल उकळते आहे. गुऱ्हाळाचा मालक दोन रानं पलीकडे घरात वाकळ ओढून पडलाय. झोपलाय म्हणायचं, पण कान घाण्यावरच. चरकात ऊस गेला की इंजिनावर ओझं येतं, गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि आवाज जड होऊन खर्जात उतरतो. ऊस घालणाऱ्या गड्याला डुलकी लागली की चरक रिकामा फिरतो आणि तीच फटफट हलकी, मोकळी ऐकू येते. मालक अंधारातच उठून बसतो. काय झालंय, हे त्याला कुणी येऊन सांगावं लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या आसपास असे कान घरोघरी सापडायचे. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला ऊस, मधून वाहणारी नदी, आणि शेताला पाणी पाजायचं तर मोटेनंतर भरवसा इंजिनाचा. ही इंजिनं फार लांबून यायची नाहीत. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला होता. (हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, पण शेतकऱ्याला ते ठाऊक होते ते लोखंडी नांगरामुळे आणि इंजिनामुळे.) खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली उभी राहिली. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर असा सुटा भाग नसेल, जो ओतून, कातून मिळत नाही.

जुन्या इंजिनाचे ठोके मोजता येतात, हे त्याचं पहिलं वैशिष्ट्य. इंग्लंडमधल्या डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीनं 1929 मध्ये आणलेलं पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला 600 फेरे घ्यायचं. पुढे राजकोटमध्ये त्याच्या नकला निघाल्या आणि देशभर पसरल्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेट घेतं, म्हणजे मिनिटाला 300 ठोके, सेकंदाला पाच. त्या तालावर माणूस चालू शकतो, पोरं गाणी जुळवू शकतात. पंधराशे फेऱ्यांच्या इंजिनाचे ठोके सेकंदाला साडेबारा पडतात. तिथं कान मोजायचं सोडून देतो, उरते ती नुसती भुणभुण. पिठाच्या गिरणीचं इंजिन असंच संथ ठोक्याचं असायचं. त्याची पुकपुक वाडीपर्यंत पोचली की बायका दळणाचा डबा उचलायच्या, घड्याळ बघायचं कारणच नव्हतं.

पण ठोके ऐकू येण्याआधी इंजिन चालू व्हावं लागतं, आणि तो एक सोहळाच असतो. आधी डिझेलच्या नळीतली हवा काढायची. नट सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं, मग आवळायचा. झडप उघडी धरणारा खटका उचलून हँडल फिरवायचं. सावकाश फिरवताना नोझलमधून बारीक ‘करकर’ आली की जाणता माणूस मान डोलावतो : डिझेल पोचलं. मग जोर लावायचा, जड चाकाला गती आली की खटका सोडायचा. पहिला ठोका, पांढरा धूर, दुसरा ठोका. नवशिक्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगतात : हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, भोवती वळवायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हात निसटला पाहिजे, नाहीतर मनगट जातं.

चालू झाल्यावर खोडी सुरू. पट्टा घसरला की चीं चीं करतो, त्याला राळ लावायची. पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना दर फेऱ्याला ‘टक्’ होतं. ते टक् रोजचं, त्याची काळजी नाही. ते दुहेरी वाजायला लागलं तर सांधा उसवतोय. वरच्या बाजूला खणखण म्हणजे टॅपेट ढिले, अर्ध्या तासाचं काम. खालून, ओझ्याखाली, जाड धडधड येऊ लागली तर बेअरिंग, आणि मग खिशाला हात. मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. डॉक्टरची नळी आणि ही युक्ती यांत फरक फारसा नाही. गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या संस्थेत ग्रामीण अभियांत्रिकी शिकवली जाते. तिथल्या पुस्तकात बेअरिंगची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेली असते, मेस्त्री तीच झीज कानाच्या हाडानं ओळखतो.

पॉवर टिलरची तऱ्हा निराळी. डोंगरउतारावरच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून चिखलणीला टिलर. डाव्या मुठीतला खटका दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. सरळ हिशेब. पण हाच टिलर उतारावरून खाली येताना डावा खटका दाबा : ताकद तुटलेलं चाक मोकळं सुटून पुढं धावतं, इंजिनाला जोडलेलं उजवं मागं रेटून धरतं, आणि टिलर चक्क उजवीकडे निघतो. सपाट रानावर शिकलेला ड्रायव्हर पहिल्याच दिवशी बांध फोडतो. इथला माणूस मात्र बांध चढताना एक आणि उतरताना दुसरा हात वापरतो. का, ते विचारलं तर त्याला चटकन सांगताही येत नाही.

जुना ट्रॅक्टर रात्री कुठं लावलाय, त्यावरून त्याच्या बॅटरीचं वय कळतं. उताराला तोंड करून, चाकाखाली दगड : बॅटरी थकलेली. सकाळी दगड काढायचा, गिअरमध्ये सोडायचा. एचएमटीच्या ट्रॅक्टरांना आता हे जास्तच सोसावं लागतं. 1971 मध्ये पिंजोरला झेटोरच्या नमुन्यावर सुरू झालेला तो कारखाना बंद करायला केंद्र सरकारनं 2016 मध्ये मंजुरी दिली. आता सुट्या भागांसाठी, एका ट्रॅक्टरला जगवायला दुसरा मोडतात.

या आवाजांची सवय झाली, असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक कान तयार होणं, दुसरी कान मरणं. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढं दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी करावी, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. केबिन नसलेला जुना ट्रॅक्टर ओझ्याखाली नव्वदीच्या पुढं सहज जातो. नुकसान आधी होतं ते बारीक, उंच पट्टीच्या आवाजांचं, चार हजार हर्ट्झच्या आसपास. पट्ट्याची चीं चीं, नोझलची करकर, नातवाचं बोलणं यांतलं वरचं अंग तिथंच कुठंतरी असतं. खालची धडधड शेवटपर्यंत ऐकू येते. म्हणून म्हातारा मेस्त्री बेअरिंग अचूक सांगतो आणि चहा आणू का, हे त्याला तीनदा विचारावं लागतं. कापसाचा बोळा यात फारसा कामाचा नाही. कारखान्यात वापरतात ते कानावरचे डबे घातले तर इंजिनाचे ठोके तरीही पोचतात, पण रानात ते घालून बसलेला माणूस अजून नवलाचाच.

आता बऱ्याच ठिकाणी विजेची मोटर आली. तीही बोलते. एक फेज गेलेला असताना स्टार्टर दाबला तर मोटर फिरत नाही, नुसती ‘घूंऽऽ’ करत तापते. फूटव्हॉल गळत असेल तर पंप हवा धरतो आणि आतून खडी घोळल्यासारखा आवाज येतो. मग पंपात शेणकाला ओतून गळती बुजवायची जुनी युक्ती आहे. पण पाणबुडी मोटर विहिरीच्या तळाशी बसते, काहीच सांगत नाही. लाईट रात्री येते, मोबाइलवर ‘मोटर चालू’ असा निरोप येतो, तरी घरचा म्हातारा टॉर्च घेऊन रानात जातो, वाकतो आणि लोखंडी पाइपाला कान लावतो.