जट, भंडारा आणि घरची भाषा

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगराला निघालेल्या गाड्या कुणाला नव्या नाहीत. देवीला मुलगी सोडायला, म्हणजे तिला देवदासी करायला, मुंबई इलाख्यात 1934 सालीच बंदी झाली होती आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. कर्नाटकानं 1982 साली पुन्हा कायदा केला. तरीही 1985 साली राजन गवस यांना ‘चौंडकं’ ही कादंबरी लिहावी लागली. कायदा गुन्हा कोणता ते सांगतो. पोटची पोर देवीला सोडताना घरात काय बोललं जातं, ते कादंबरी ऐकवते. या कादंबरीतल्या सुलीच्या केसांत जट दिसते. खरं तर कात्रीनं कापता येईल एवढा तो गुंता. पण तो देवीची खूण मानला जातो, त्याला हळद लागते, भंडारा लागतो, फणी आणि तेल बंद होतं, आणि बघता बघता पोरीचं डोकं तिचं स्वतःचं उरत नाही.

घरापासून तोडलेल्या मुलाची दुसरी एक गोष्ट हिच्या शेजारी ठेवून बघा. कॅनडात सरकारनं आदिवासी मुलं घरातून उचलून चर्चच्या निवासी शाळांत घातली. रिचर्ड वागामीझ यांच्या ‘इंडियन हॉर्स’ या कादंबरीतला असाच एक मुलगा, सॉल, पुढे व्यसनमुक्ती केंद्रात आपली कहाणी लिहू लागतो, आणि सगळ्यात खोल घाव पार शेवटाकडे उघडा करतो, तोवर तो त्यानं स्वतःपासूनही लपवलेला असतो. तिथं निदान बोट दाखवायला परका माणूस आहे. सुलीला सोडतात ती तिचीच माणसं, तिच्याच बोलीत, देवीच्या धाकानं. म्हणून गवसांची सीमाभागातली बोली नुसती रंगत आणायला आलेली नाही. जिच्यात माया होते तिच्यातच पोरीचा निकाल लागतो, हे प्रमाण मराठीत इतकं बोचलं नसतं.

कुणी म्हणेल, हा तर समाजशास्त्राचा अहवाल झाला. पण अहवालात अशा मुली आकडा होऊन येतात. इथं एकीच्याच डोक्यावर आपली नजर खिळून राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: यात जखम आहे, फुंकर कुठाय? ‘जोगवा’ या 2009च्या चित्रपटानं ‘चौंडकं’, जोगत्याची, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाची, कथा सांगणारी गवसांचीच कादंबरी ‘भंडारभोग’ आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा एकत्र गुंफली, दोन होरपळलेल्या जिवांची गाठ घातली आणि प्रेमातून सुटकेची वाट दाखवली. पडद्यावर ती मनाला भिडते. मला मात्र कादंबऱ्यांचा संयम अधिक खरा वाटतो. जिला कधी कुणी विचारलंच नाही, तिचं दुखणं आधी पूर्ण ऐकून घेणं, उपचाराची सुरुवात तिथून होते. तेव्हा ‘चौंडकं’ हातात घ्याल तर संवाद मोठ्यानं वाचा, आणि जट दिसल्यापासून सुलीबद्दल कोण कोण बोलतं, सुलीशी किती जण बोलतात, तेवढं नीट ऐका.