उन्हाळ्यात कोंबड्या जपा

मंडळी, सावनेरचं ऊन तुम्हांला सांगायला नको. २०१३ सालच्या मे महिन्यात जवळच नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात माणसाला घाम येतो, अंग निवतं. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. तीच तिची निवण्याची रीत. पण धापेबरोबर अंगातलं पाणी जातं. प्यायला पाणी नसेल, तर ती मरते.

मग काय करावं? खुराडं झाडाच्या सावलीत ठेवा. वर टिन असेल, तर त्यावर तुराट्या किंवा गवत पसरा. बाजूंना जाळी लावा, वारा खेळू द्या. मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवा. ते दिवसातून तीनदा बदला. भर दुपारी दाणा टाकू नका. खाल्लं की अंगातली उष्णता वाढते. दाणा पहाटे टाका, नाही तर दिवस कलल्यावर. कोंबडी पंख पसरून, मान टाकून पडली, तर तिला सावलीत न्या. पाय भिजवा. चोचीपुढे पाणी धरा.

अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो. त्यातून मीठ-मिरची येते, पोरांची वही येते. कोंबडी मेली की तो पैसा बुडाला. सावलीला अन् पाण्याला मात्र दाम पडत नाही.