कडब्याचा शेकडा, मुरघासाचा किलो



आष्टी-पाटोद्याच्या या पट्ट्यात घरचा किराणा दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर येतो आणि त्या पगारातला सर्वांत मोठा घास चारा खातो. म्हणून आजचा विषय चाऱ्याचा भाव. मका वधारला, खत महागलं, मजुरी वाढली की चारा नेमका कितीनं वाढावा, हा हिशेब आपण मांडत नाही. शेजाऱ्यानं कितीला दिला, एवढं विचारून सौदा तुटतो. त्यात एखाद्या वर्षी विकणारा बुडतो, एखाद्या वर्षी घेणारा.

आधी कडबा. तो आपण पेंढ्यांच्या शेकड्यावर विकतो, आणि गडबड तिथेच सुरू होते. दोन हजार रुपये शेकडा म्हटलं आणि पेंढी दोन किलोची असली, तर कडबा दहा रुपये किलो पडला. तीच पेंढी सव्वा किलोची निघाली, तर सोळा रुपये. टंचाईत शेकड्याचा भाव चढतो आणि पेंढीही बारीक होते, म्हणजे घेणारा दोन्हीकडून मारला जातो. उलट ज्यानं चांगली कवळाभर पेंढी बांधली, त्याच्या मालाला बारीक पेंढीचाच भाव मिळतो. गंजीतल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या मिळून दहा पेंढ्या काढा, काट्यावर टाका, सरासरी घ्या आणि किलोवर बोला. अवकाळीनं काळा पडलेला कडबा वेगळा काढा, त्याचा भाव वेगळा.

ज्वारीच्या शेतकऱ्याचं दुखणं आणखी खोल आहे. रब्बी ज्वारी उपटायची, कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, गंजी लावायची, सगळं माणसाच्या हातानं. कडबा शाबूत ठेवून ज्वारी काढून देणारं यंत्र अजून आपल्या बांधावर आलेलं नाही. मजूर मिळेना म्हणून कित्येकांनी ज्वारी सोडून हरभरा धरला. मालदांडी ज्वारीचा हमीभाव 2023-24 ला क्विंटलमागे 3225 रुपये होता, 2025-26 ला 3749 झाला, तरी पेरा सावरत नाही. कारण हमीभाव धान्याला आहे, आणि या पिकाचं निम्मं मोल ताटात आहे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना तो धान्य आणि कडबा यांत किमतीच्या प्रमाणात वाटतो. म्हणजे सरकारदरबारी कडब्याला किंमत आहे. आपणच तो उरलासुरला माल समजून खळ्यावर मिळेल त्या भावात देऊन टाकतो आणि जूनमध्ये पाऊस लांबला की दीडपटीनं दुसऱ्याचा विकत आणतो. मला हे फार लागतं. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली तेव्हा धान्य वाढलं, पण बुटक्या ताटाचा कडबा जुन्या माणसांना पटला नाही. जनावर असलेल्या घराला ज्वारी दोन पिकं देते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता मुरघास. मका दुधाळ अवस्था ओलांडून चिकात आला की कापायचा, कुट्टी करून दाबायचा, हवा कोंडायची आणि दीड महिन्यानं उघडायचा. यात दाणाही जातो आणि ताटही, म्हणून उभ्या मक्याचा भाव दाण्याच्या भावाशी बांधलेला असला पाहिजे. पाण्याखालचा एक एकर घेऊ. समजा वीस क्विंटल दाणा होतो आणि आडतीवर दोन हजारानं जातो. चाळीस हजार झाले. काढणी, मळणी, वाहतूक यांचे सात हजार वजा करा. राहिले तेहतीस. वाळलेल्या ताटांचे आणि रानातून गेलेल्या खताचे मिळून दोन हजार धरा. पस्तीस हजार. तोच एकर हिरवा कापला तर चौदा टन भरतो असं धरू. टनाला अडीच हजार, म्हणजे किलोला अडीच रुपये. याच्या खाली उभा मका दिला तर दाणा करणं बरं. कापणी, कुट्टी, पिशवी, वाहतूक हा घेणाऱ्याचा खर्च वेगळा.

यातून एक आडाखा निघतो. मका क्विंटलमागे शंभर रुपयांनी वाढला, तर उभा चारा किलोमागे चौदा पैशांनी वाढायला हवा. मक्याचा हमीभाव 2023-24 मध्ये 2090 होता, 2025-26 मध्ये 2400. वाढ 310 रुपयांची, म्हणजे चाऱ्याला किलोमागे चव्वेचाळीस पैसे. हमीभाव पदरात पडेलच असं नाही, म्हणून हिशेब आडतीच्या भावानं करा. तुमच्या रानाचा उतारा वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

खताचं मी धरलं, पण बहुतेक जण ते विसरतात. ताटात पालाश भरपूर असतो. चारा गावाबाहेर गेला की तो पालाश ट्रॉलीत बसून गेला, आणि पुढच्या हंगामात तो गोणीच्या भावानं परत आणावा लागतो. शेण रानात परत येणार असेल, तर गावातल्या दूधवाल्याला दोन पैसे कमी लावायला हरकत नाही.

घेणाऱ्यानं पाण्याचे पैसे देऊ नयेत. कडब्यात शंभर किलोला नव्वद किलो कोरडं असतं, मुरघासात तेहतीसच्या आसपास. दहा रुपयांचा कडबा कोरड्या किलोला अकरा रुपये पडतो, सहा रुपयांचा मुरघास अठरा. पण कडबा अख्खा टाकला आणि पाव भाग पायदळी गेला, तर तो पंधराला जातो. शिवाय मुरघासात दाणा आहे, म्हणजे पेंड थोडी कमी लागते. कडबाकुट्टी यंत्राचं मोल पायदळी जाणाऱ्या त्या पाव भागात आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना चाऱ्याचा हा व्यवहार चांगला कळतो. फडावर दिवसभर कोयता चालवून बायका वाढ्याच्या मोळ्या बांधतात आणि गावात विकतात. तो त्यांच्या घामाचा वरकड पैसा आहे. एवढं मात्र सांगतो, वाढ्यातलं ऑक्झलेट जनावराचं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गाईला नुसतं वाढं घातलं तर खनिज मिश्रणाचा खर्च त्याच्या भावात मिळवावा लागेल.

काही जण म्हणतील, चारा इतका वाढवला तर दूधवाला देणार कुठून? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये गाईच्या दुधाला संघांचे 28 आणि सरकारी अनुदानाचे 7, असे मिळून लिटरला 35 रुपये ठरले, तेही साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला. या पैशाला एक मर्यादा आहे, आणि सरकारी मदतीवर विसंबूनही भागत नाही. 2019 च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या आपल्या बीड जिल्ह्यात होत्या. छावणीतल्या मोठ्या जनावराचा सरकारी दिवसाचा दर 90 वरून 100 रुपये करायला मे महिना उजाडला. तोवर बाजार कुठल्या कुठे गेला होता. टंचाईत जिल्ह्याबाहेर चारा नेण्यावर बंदी येते, तेव्हा विकणाऱ्याचे हात बांधले जातात आणि ज्याला साठवायला जागा आहे तोच तरतो.

म्हणून सौदा पेरणीच्या वेळी करा. चार दूधवाले आणि दोन मकावाले एकत्र बसा. पायाभूत भाव लिहा, कापणीच्या आठवड्यातल्या आडतीच्या भावाप्रमाणे चौदा पैशांचा चढ-उतार लिहा, वजन कोणत्या काट्यावर होईल ते लिहा आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या. पैसे दुधाच्या पगारातून तीन हप्त्यांत वळते करायचे असतील, तर तेही त्याच कागदावर येऊ द्या. यंदाचा खरीप तोंडावर आहे. ज्यांना असा कागद करायचा आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावं. मसुदा मी सोबत आणला आहे.