अंगठ्याची राखण



सरावलीपासून तलासरीपर्यंतच्या या पट्ट्यात अंगठ्याला स्वतःचा एक इतिहास आहे. शाळेची पायरी ज्याला चढू दिली गेली नाही त्या वारली माणसापाशी स्वाक्षरी नव्हती. सरकारने आणि सावकाराने मान्य केलेली त्याची एकच खूण होती, ती म्हणजे अंगठ्याचा ठसा. कागद लिहिणारा एक, वाचणारा तोच, आणि त्याखाली अंगठा उठविणारा मात्र दुसरा, अशी ही वाटणी होती. लग्नासाठी घेतलेल्या किरकोळ कर्जापोटी नवराबायको दोघांनीही जमीनदाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा याच वाटणीवर उभी होती. कर्ज किती होते, फिटले किती, हे सांगणारी वही धनकोच्या पेटीत असे. ऋणकोजवळ केवळ स्मरण असे, आणि स्मरणाला कचेरीत किंमत नव्हती.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा निर्धार त्यांनी केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील तो लढा सर्वांना ठाऊक आहे. त्यातील एक गोष्ट मात्र आजच्या विषयाच्या दृष्टीने पुन्हा सांगितली पाहिजे. प्रत्येक वारली हिशेबात पारंगत झाला म्हणून वेठ मोडली नाही. एकट्याने जमीनदाराच्या ओट्यावर जाऊन मान डोलावण्याचे सर्वांनी मिळून थांबविले, म्हणून ती मोडली. कायदा नंतर आला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने रकमेची जागा कोरी ठेवून कर्जाचा कागद करून घेण्यास मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द ठरविले. कोऱ्या कागदावरचा अंगठा हा एकेकाळचा रिवाज कायद्याच्या पुस्तकात गुन्हा ठरला.

आज तोच अंगठा यंत्रावर टेकवावा लागतो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्याच्यापाशी कोणतेही कागद नाहीत त्याला ओळख मिळावी, हे त्यामागचे सांगितलेले उद्दिष्ट होते आणि ते चुकीचे नव्हते. पुढे रेशन, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती असे एकेक खाते या क्रमांकाला बांधले गेले. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीच्या मजुरीलाही हीच पद्धत सक्तीची झाली. बँकेची शाखा दूर, म्हणून गावात बँकमित्र आला. त्याच्या हातातील यंत्रावर आधार क्रमांक व बँकेचे नाव घातले आणि अंगठा टेकविला की पैसे मिळतात. एटीएमला लागतो तसा गुप्त आकडा येथे लागत नाही, फोनवर येणारा ओटीपीही लागत नाही. अंगठा हीच सही आणि अंगठा हीच किल्ली.

या सोयीतच चोरीची वाट आहे. तिचे प्रकार कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार अगदी साधा आहे. ‘ठसा जुळला नाही, पुन्हा लाव’ असे सांगितले जाते. पहिल्या ठशालाच पैसे निघालेले असतात. दुसऱ्या ठशाला आणखी निघतात, आणि हातात मात्र एकदाचेच पडतात. पावती दिली जात नाही आणि मागण्याची सवयही नसते. दिवसभर चिकूच्या वाडीत किंवा वीटभट्टीवर राबून रेघा झिजलेल्या बोटांचा ठसा खरोखरच अनेकदा जुळत नाही, म्हणून ही थाप सहज खपते.

दुसऱ्या प्रकारात ठशाचीच नक्कल होते. २०१८ साली तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनींच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून रबराचे अंगठे तयार केल्याचे उघडकीस आले. लोकांच्या नावावर त्यांच्या नकळत सिमकार्डे चालू झाली. याच युक्तीने पुढे इतर राज्यांत बँकेची खातीही रिकामी करण्यात आली.

तिसऱ्या प्रकाराला अंगठाही लागत नाही, केवळ क्रमांक पुरतो. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेत सातारा जिल्ह्यातून इतर स्त्रियांचे आधार क्रमांक वापरून सुमारे तीस अर्ज एकाच घरातून भरले गेल्याचे उघड झाले. पनवेल परिसरातील एका स्त्रीचा अर्ज, ‘या क्रमांकावर अर्ज आधीच भरला आहे’ म्हणून अडला, तेव्हा कोठे या प्रकाराला वाचा फुटली. अर्ज करावयास ती गेलीच नसती, तर तिच्या नावाने दुसरेच कोणी पैसे उचलीत राहिले असते.

चौथा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात लुटलेला माणूसच आरोपी ठरतो. थोड्या पैशांच्या आमिषाने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करण्यास सांगितले जाते. त्या खात्यातून कोठल्या तरी शहरातील फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या झोपडीशी. गरिबाच्या घरात विकण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा त्याचे नावच विकत घेणारा बाजार उभा राहिला आहे.

यावर शहरी सल्ला ठरलेला असतो : ‘आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करा.’ सल्ला योग्य आहे. आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपवर वा संकेतस्थळावर हे विनामूल्य करता येते. तथापि कुलूप लावलेला अंगठा रेशनच्या दुकानातही चालत नाही. तो प्रत्येक वेळी उघडावा लागतो, आणि त्यासाठी आधारला जोडलेला फोन जवळ असावा लागतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो घेऊन मुलगा वापीच्या कारखान्यात गेला आहे, त्या घरातील म्हातारीने कुलूप कोणत्या किल्लीने उघडावे? चोरलेला गुप्त आकडा बदलता येतो. चोरलेला अंगठा जन्मभर बदलता येत नाही. अशी किल्ली सक्तीने वापरावयास लावणाऱ्या व्यवस्थेने सावधगिरीचा सारा भार सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर टाकावा, हे न्यायाचे नाही. पैसे काढताना ठशाच्या जोडीला दुसरी खात्री असावी, प्रत्येक व्यवहाराची मराठीतील छापील पावती सक्तीची असावी आणि यंत्र चालविणाऱ्यावर बँकेची प्रत्यक्ष देखरेख असावी, या मागण्या म्हणूनच लावून धरल्या पाहिजेत.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. पावतीवाचून यंत्राला अंगठा लावावयाचा नाही. ‘जुळला नाही’ असे म्हटले तर त्याचीही पावती मागावयाची, आणि ती मिळेपर्यंत दुसरा ठसा द्यावयाचा नाही. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहावयाची. जेथे चालते तेथे शेवटचे चारच आकडे दाखविणारी प्रत द्यावयाची. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम घरोघर करून द्यावे. पासबुक दरमहा भरून घ्यावे. ज्याला बँकमित्राची गरजच पडत नाही त्याने आपल्या खात्यातून आधारने पैसे काढण्याची सोय बंद करण्याची मागणी बँकेकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी.

एवढे करूनही चोरी झालीच, तर लाजून घरात बसू नये. त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोलीस ठाण्यात जावे. दुसऱ्याच्या ओळखीचा कपटाने वापर करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेले तत्त्व असे की, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असते. खिडकीवरचा माणूस हे आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून तक्रारदाराबरोबर कार्यकर्त्याने जावे, आणि एका गावातील तक्रारी अनेक असतील तर त्या एकत्र न्याव्या.

पगाराच्या वा अनुदानाच्या दिवशी बँकमित्राच्या टेबलाजवळ वाचता येणारे एक माणूस बसलेले असावे, एवढे जरी प्रत्येक पाड्याने ठरविले तरी पहिल्या प्रकारची चोरी मोठ्या प्रमाणात आटोक्यात येईल. हे काम सभेपेक्षा लहान दिसते आणि त्यात टाळ्या नाहीत. पण झरीला जमलेल्या माणसांनी वेठ करावयाची नाही, असे सर्वांनी मिळून ठरविले होते. आज यंत्रापुढेही कोणी एकटे उभे राहू नये.