विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आपला परिसर
(शहापूर येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विद्यापीठ मुंबईला, मग त्याच्या ग्रंथालयाचा परिसर आपला कसा, असा प्रश्न फलक वाचून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मुंबई विद्यापीठ हे मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांचे विद्यापीठ आहे. शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात किंवा मुरबाड तालुक्यात शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात शिकणारी मुलगी त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी असते. फोर्टमध्ये राहणाऱ्या मुलीइतकीच. तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकावर डोळखांबचा आणि टोकावड्याचाही हक्क आहे. हा हक्क कागदावरून गावात कसा आणायचा, याबद्दल मला बोलायचे आहे. आयुष्याची बरीच वर्षे मी एका ग्रामीण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. तिथे पाहिलेले तेच सांगेन.

विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. प्रेमचंद रायचंद यांनी पुढे ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव दिले. १८७८ मध्ये काम पुरे झाले. आराखडा काढणारा गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाही नाही. ती इमारत आता जागतिक वारसास्थळाचा भाग आहे आणि तिची डागडुजी फार जिव्हाळ्याने झाली आहे. रंगीत काचांमधून वाचनकक्षात उतरणारा उजेड प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावा. विद्यापीठाचे दुसरे मोठे ग्रंथालय, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, कलिन्याला आहे.

पण डोळखांबच्या मुलाने तिथे जायचे म्हणजे काय करायचे? सकाळची एसटी धरून शहापूर, तिथून रिक्षाने आसनगाव, मग लोकल. पुस्तक हातात पडेपर्यंत दुपार होते आणि परतीची शेवटची एसटी चुकेल ही धास्ती तिथपासूनच सुरू होते. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, कल्याण गाठल्याशिवाय पुढची वाट सुरू होत नाही. कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले १८६४ मध्ये. ठाण्याला ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले १८९३ मध्ये. कसाऱ्यापुढचा घाट चढून आगगाडी १८६५ मध्येच इगतपुरीला पोचली होती. म्हणजे लोखंडी रस्ता आपल्या दारावरून गेला, ग्रंथ मात्र कल्याणला उतरून घेतले गेले.

पाण्याची वाटही अशीच एकेरी आहे. तानसा धरण १८९२ चे. पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले. या तालुक्यातल्या जलाशयांवर मुंबई पाणी पिते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे शब्द इथे प्रत्येक उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना कुणाच्या तरी तोंडी येतात. राजाबाई टॉवरखालच्या वाचनकक्षात बसलेला विद्यार्थीही हेच पाणी पितो. मी हे उपकार म्हणून मोजत नाही. मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या नात्यात एका बाजूने सतत जाणेच आहे, तिथे दुसऱ्या बाजूने काही यावे असे म्हणायला आपण संकोच करू नये.

आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या. कारण आपल्या मुलांना विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणून जे प्रत्यक्ष भेटते ते हेच: दोन खोल्या, लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांचा स्टँड आणि तारखेचा शिक्का. सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले मैदानावर धावून तशीच घामेजलेली येतात आणि सामान्य ज्ञानाची पुस्तके मागतात. दहाच्या सुमाराला बाहेरगावच्या मुली येतात. घरी अभ्यासाला कोपरा नसतो, वीज जाते, लहान भावंडे असतात, म्हणून परतीच्या एसटीपर्यंत त्या टेबल सोडत नाहीत. कुणाला जातपडताळणीसाठी कोणते कागद लागतात ते विचारायचे असते, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. कुणाचे वडील बाजारहाट आटोपून पोरीला न्यायला येतात आणि दारात चपला काढून उभे राहतात. ‘आत या, पेपर वाचा’ म्हटले की संकोचतात. त्या चपला दाराबाहेर काढलेल्या पाहून मला दर वेळी वाईट वाटत असे. देवळात जावे तसा माणूस ग्रंथालयात येतो, याचा अर्थ ही जागा आपली आहे असे त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.

आपल्या नियमांचे पंचांग आणि इथल्या जगण्याचे पंचांग यांचा मेळ बसत नाही, हे मला फार उशिरा नीट दिसले. जुलैमध्ये प्रवेश होतात, ग्रंथालयाची ओळखपत्रे तयार होतात, आणि तेव्हाच शेतात आवणी चालू असते. मुले-मुली चिखलात उभी असतात. ओळखपत्र करायला आली नाहीत म्हणून त्यांच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर काही कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यातला एखादा मुलगा महाविद्यालयापर्यंत पोचलाच, तर आठ दिवसांत पुस्तक परत करण्याची अट त्याला पाळता येत नाही. मग दंड साचतो आणि दंडाच्या भीतीने मुलगा पुन्हा फिरकत नाही. अशा विद्यार्थ्याला पूर्ण हंगामासाठी चार-पाच पुस्तके द्यावीत. हरवतील काही. त्यांची किंमत अंदाजपत्रकात धरावी. दंडापायी तुटलेला वाचक परत आणण्याची सोय मात्र कुठल्याही अंदाजपत्रकात नसते.

पुस्तके गावात न्यायची रीत नवी नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणले, मोफत वाचनालयांचे जाळे उभारले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठवली. आपल्या शेजारी, घाटाच्या वर, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. एका पेटीत शंभर पुस्तके, आणि काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे. ती पेटी पुढे परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. जी पेटी दुबईला जाऊ शकते ती धसईला, किन्हवलीला, खर्डीला का जाऊ नये? विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या मराठी संग्रहातल्या दुबार प्रती अशा पेट्यांत भराव्यात, महाविद्यालयाने त्या सांभाळाव्यात आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा जिल्हा परिषद शाळेने त्या फिरवाव्यात. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ पासून आहे आणि त्याखाली अनुदानही मिळते. तुटपुंज्या मानधनावर गावचे वाचनालय रोज संध्याकाळी उघडणारा माणूस या सगळ्या साखळीत सर्वांत कमी मिळवतो आणि सर्वांत जास्त वाचक घडवतो. त्याच्यासाठी काहीतरी मागण्याची आपल्याला लाज वाटू नये.

वाचणारे आहेत कुठे, असे कुणी म्हणेल. त्यांनी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जावे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत यायला लागल्या. आपल्यालाही पोथी वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती. जगभरातले कॅमेरे येऊन गेले, कौतुक झाले. मला त्यापुढचा प्रश्न छळतो. अक्षर ओळखू लागलेल्या आजीने पुढे वाचायचे काय? मोठ्या टायपातली, तिच्या बोलीच्या जवळची, तिच्या अनुभवाची पुस्तके कुठे आहेत? पहिलीचे पाठ्यपुस्तक तिच्या नातवासाठी लिहिलेले असते. विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाने आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी अशी पुस्तके तयार करायला घ्यावीत. लिहिण्यासारखे पुष्कळ त्या आजींजवळच आहे.

इथे मी माझ्या मुख्य म्हणण्याशी येतो. आपल्याविषयीची पुस्तके मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहापूर आहे, मुरबाड आहे, माहुलीचा किल्लाही आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे डॉ. गो. स. घुर्ये यांनी महादेव कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा ग्रंथ ऑक्सफर्डने १९६० मध्ये छापला. सगळे इंग्रजीत. ज्यांच्यावर ते लिहिले त्यांच्या नातवंडांना असे काही लिहिले गेले याची वार्ताही नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात, हे तरी आपल्या मुलांना कुणी शिकवले आहे का? मोबाइल सगळ्यांकडे आहे. रेंज डोंगरापलीकडे जाते-येते, पण जिथे मिळते तिथे आपल्या गावाचे, आपल्या जमातीचे नाव टाकून शोध घ्यावा. आलेल्या यादीतले काय खरे आणि काय ऐकीव, हे इथल्या माणसाइतके चांगले कुणाला सांगता येणार?

याहूनही मोठी गोष्ट म्हणजे आपण स्वतः लिहिणे. मुरबाडला लागूनच बदलापूर आहे. न्यायखात्यातून निवृत्त झालेले नारायण गोविंद चापेकर तिथे राहिले आणि १९३३ मध्ये त्यांनी ‘बदलापूर’ हे पुस्तक काढले. एका गावाची माणसे, शेती, खाणेपिणे, रीतिभाती, सगळे त्यात बारकाईने आले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या बदलापुराचे आता शहर झाले. पुस्तक नसते तर जुने गाव कुणाला कळलेही नसते. समृद्धी महामार्गाच्या काळात शहापूर-मुरबाडचेही रूप फार वेगाने बदलते आहे, आणि आपल्या एकाही गावाचे असे पुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आपल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावांत होतात. सात दिवस मुले राहतात, वनराई बंधारे बांधतात, रस्ता झाडतात. त्याच मुक्कामात एक गाववही लिहावी. शेतांची नावे, झऱ्यांची नावे, आवणीची गाणी, भट्टीवरच्या उचलीचे हिशेब, जंगलातल्या भाज्या. पावसाच्या सुरुवातीला मुरबाडच्या बाजारात शेवळे विकायला बसलेली म्हातारी बाई त्यासोबत काकडाची फळेही का ठेवते, हे तिला विचारून लिहावे. घसा खाजू नये म्हणून ती एकत्र शिजवतात, एवढे मला ठाऊक आहे. तिला पन्नास गोष्टी ठाऊक असतील, आणि त्यातली एकही ग्रंथालयाच्या तालिकेत नाही. वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक गावच्या शाळेत, एक महाविद्यालयात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तिथल्या कपाटात आपण केवळ अभ्यासाचा विषय म्हणून आहोत. लेखक म्हणूनही असायला हवे.

दोन जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतील. १९४३ मध्ये त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याला भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी, लपवणारी माणसे आसपासच्या वाड्या-पाड्यांतली होती. त्यांची नावे फारशी छापली गेली नाहीत. ती घराघरांतल्या आठवणीत असतील, तर या हिवाळ्यात विचारून घ्यायला हवीत. त्या पिढीतले आता जवळजवळ कुणी उरले नाही, पण त्यांच्याकडून ऐकलेले अजून आहेत.

या लिहिण्याची सुरुवात मुरबाड तालुक्यातल्या म्हशापासून करावी असे मी सुचवतो. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरेल. चार-चार जणांचे गट करावेत, प्रत्येकात निदान दोन मुली असाव्यात. एका गटाने बैलबाजारात फिरावे: जनावरे कुठून आली, सौदा कसा ठरतो, भाव काय, ट्रॅक्टर आल्यापासून काय बदलले. एकाने घोंगडीवाल्यांशी बोलावे. एकाने नवस फेडायला आलेल्या बायांशी, पण आधी परवानगी विचारून. कोऱ्या वह्या आणि पेन्सिली बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, नाव आणि गाव लिहून घेऊन जा. जत्रेनंतर आठ दिवसांत लिहिलेल्या वह्या महाविद्यालयात आणून द्या. विकत घेतलेल्या पुस्तकांप्रमाणेच त्यांनाही दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक द्यावा, अशी विनंती मी ग्रंथपालांना केली होती, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.